चुकलेला बटवडा

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घोटीत भातगिरण्यांच्या खडखडाटात आणखी एक आवाज मिसळू लागतो. पाठीवर भलीमोठी पिशवी बांधलेला एखादा तरुण दुचाकी गल्लीच्या तोंडाशी उभी करतो आणि मोबाईल कानाला लावून ओरडतो, ‘‘घर देवळाच्या अलीकडं की पलीकडं?’’ हा प्रश्न काही आजचा नव्हे. टपाल सुरू झाले तेव्हापासून तो विचारला जात आहे. माल बिनचूक घरी पोचला तर त्याची कोणी आठवण ठेवीत नाही. पण मागविलेल्या साडीऐवजी पंख्याची पाती निघाली, किंवा शेजाऱ्याचा कुकर आपल्या ओट्यावर येऊन बसला, की त्याची गोष्ट होते. अशा चुकलेल्या बटवड्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. आणि त्यातला शेवटचा प्रश्न, मनोरंजनापलीकडचा, आपल्या सर्वांच्या दाराशी येऊन ठेपलेला आहे.

आमच्या गावाची अडचण तर नावापासूनच सुरू होते. घोटी एक नव्हे. घोटी बुद्रुक आणि घोटी खुर्द अशा दोन घोटी आहेत आणि त्या दोन्ही इगतपुरी तालुक्यातच आहेत. ‘बुद्रुक’ हे फारसी ‘बुजुर्ग’चे मराठी रूप, म्हणजे थोरले, ‘खुर्द’ म्हणजे धाकटे. पत्ता लिहिणारा ‘मु. पो. घोटी’ एवढे लिहून मोकळा होतो आणि मग थोरल्या घरचे धाकट्याकडे जाते. हे केवळ आमच्याच वाट्याला आले आहे असे नाही. मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे तसे वाशीममध्येही आहे. आष्टी बीडमध्ये आहे आणि वर्ध्यातही आहे. कारंजा आणि कळंब यांचीही तीच तऱ्हा. वडगाव आणि पिंपळगाव किती आहेत हे तर मोजूच नये!

पेशवाईतल्या जासुदाला ही पंचाईत नव्हती. खलिता कोणाच्या हाती द्यायचा ते त्याला निघतानाच सांगितलेले असे, आणि पत्राच्या माथ्यावर ‘राजमान्य राजश्री’ असा भरघोस मायना असला तरी घरनंबर नसे. खरा घोटाळा सुरू झाला तो टपाल सर्वांचे झाल्यावर. १ ऑक्टोबर १८५४ पासून कंपनी सरकारने साऱ्या मुलखाला एकच दर लावला. पाव तोळ्यापर्यंतचे पत्र अर्ध्या आण्यात कोठेही जाऊ लागले. १८६३ साली अलाहाबाद आणि कानपूर यांच्या दरम्यान चालत्या आगगाडीतच टपालाची छाननी सुरू झाली. १८६५ मध्ये आगगाडी आमचा थळ घाट चढून इगतपुरीला आली. डबा हलतो आहे, समोर पत्रांचा ढीग पडला आहे, आणि पत्ता कधी मोडीत, कधी गुजरातीत, तर कधी इंग्रजीत लिहिलेला! हात चुकला तर नवल नव्हे. रोज इतकी पत्रे बरोबर जात, हेच नवल. जी कोठेच पोचत नसत त्यांच्यासाठी सरकारने एक निराळी कचेरी काढली आणि तिला ‘डेड लेटर ऑफिस’ असे भयंकर नाव दिले. तेथे ही मेलेली पत्रे उघडून, आतल्या मजकुरावरून पाठविणाऱ्याचा शोध घेत.

पत्रापाठोपाठ मालही टपालाने फिरू लागला. १८७७ साली व्ही. पी.ची पद्धत आली. पोस्टमनला पैसे द्यायचे आणि पुडके घ्यायचे; ते पैसे पोस्ट दुकानदाराला पोचते करी. आज आपण ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ म्हणतो ती हीच, फक्त नाव नवे. १९०९ साली का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजना’ने पहिला दिवाळी अंक काढला. पुढे पिढ्यान्‌पिढ्या खेड्यापाड्यांतल्या वाचकांच्या हाती असे अंक आणि पुस्तके व्ही. पी.नेच पडली. या पद्धतीत एक मेख मात्र पहिल्यापासून आहे: पैसे आधी द्यायचे आणि पुडके मागाहून सोडायचे. आत काय निघेल ते ज्याच्या त्याच्या नशिबावर!

चूक कशी टाळावी हे मात्र एका मराठी मंडळीने सरकारच्या आधी शोधून काढले. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोचविण्याचा व्यवसाय सुरू केला. मावळ, खेड, जुन्नर या भागांतले साधे शेतकरी त्यात आले. कित्येकांना वाचता येत नसे. म्हणून डब्याच्या झाकणावर रंग, आकडे आणि खुणा आल्या: डबा कोणत्या स्टेशनावर उतरवायचा, कोणत्या इमारतीत न्यायचा, कितव्या मजल्यावर द्यायचा. एकच डबा अनेकांच्या हातांतून जातो, पण प्रत्येकाला त्यातली आपली तेवढी खूण कळली की पुरे. शिवाय येथे चूक लपत नाही. आपल्या घरची भाजी कोणती हे झाकण उघडताच कळते, आणि भुकेल्या माणसाची तक्रार संध्याकाळपर्यंत थांबत नाही.

हेच तत्त्व साऱ्या देशाला लावले तेही एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र सरकारच्या टपाल-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी, आणि तितकेच मोठे संस्कृत पंडित. सरळ वाचले तर रामाची आणि उलट वाचले तर कृष्णाची स्तुती व्हावी, असे विलोमकाव्य त्यांनी रचले होते. अक्षरांची जागा बदलली की अर्थ कसा पालटतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्यांनी आखलेला सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. आमच्या घोटीचा आकडा ४२२४०२. पहिला ४ आपला पश्चिमेकडचा विभाग दाखवितो, ४२ ने महाराष्ट्राच्या या भागात आणतो, ४२२ ने नाशिक जिल्ह्यात उतरवितो आणि शेवटचे ४०२ आमच्या पोस्टाच्या दारात सोडतात. गावाचे नाव कोणत्याही लिपीत लिहिलेले असो, आकडा वाचता आला की भागले.

आता तर त्याच्याही पुढची मजल आहे. मे २०२५ मध्ये टपाल खात्याने ‘डिजिपिन’ आणला. त्यात साऱ्या देशाची सुमारे चार मीटर लांबीरुंदीच्या चौकटींत वाटणी केली असून प्रत्येक चौकटीला दहा अक्षर-अंकांची खूण दिली आहे. म्हणजे पत्ता गावातून निघून थेट ओट्यापर्यंत आला. पण खोक्यावरची चिठ्ठीच चुकली तर? गोदामात एकाच मेजावर सारख्या आकाराची दोन खोकी भरली जातात आणि चिठ्ठ्यांची अदलाबदल होते. मग कितीही अचूक चौकट असली तरी चुकीचा माल अगदी अचूक पोचतो! आणि चूक बहुधा एकटी नसते. माझ्या हाती तुमचे आले, म्हणजे तुमच्या हाती माझे, नाही तर काहीच नाही.

गेल्या वर्षी माझ्या नावे एक खोके आले. आडनाव माझे, आद्याक्षर माझे, गाव घोटीच. ‘खुर्द’ हा शब्द तेवढा चिठ्ठीच्या कडेला कापला गेला होता. मी काही मागविलेले नव्हते. आणणारा मुलगा म्हणाला, ‘‘राहू द्या सर, पैसे भरलेलेत. कंपनी त्यांना दुसरं पाठवील.’’ मी खोके न फोडता चौकशी केली आणि रविवारी ते खुर्दला नेऊन दिले. आत एका आजींचे कानाचे यंत्र होते. त्यांचा मुलगा म्हणाला, ‘‘आई रोज विचारायची, आलं का? आणि ‘नाही’ म्हटलेलं तिला ऐकू यायचं नाही.’’

‘राहू द्या’ हा सल्ला आज पुष्कळांना बरा वाटतो. म्हणून कायदा काय म्हणतो ते पाहू. पिनकोडाच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १८७२ साली, आपल्याकडे कराराचा कायदा आला, आणि तो आजही चालू आहे. त्याचे ७२ वे कलम सांगते, की चुकून हाती आलेला पैसा अगर वस्तू परत केली पाहिजे. अमेरिकेत १९७० च्या कायद्याने, न मागविता मुद्दाम पाठविलेला माल ही भेट समजावी असे ठरले आहे. त्याचाच आधार काही जण आपल्याकडेही घेऊ पाहतात. पण गळ्यात मारलेला माल वेगळा आणि वाट चुकलेला माल वेगळा. दुसऱ्याला धनी आहे, आणि तो वाट पाहत आहे. उलट बाजूनेही संरक्षण आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार चुकीचा माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. आणि दाद लागली नाही तर ग्राहकांसाठी १९१५ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

जासुदापासून डिजिपिनपर्यंत पत्ता बारीक होत गेला. एवढ्या काळात एक माणूस मात्र कोणत्याही आकड्यात बसला नाही: ज्याच्या दारात चुकीचे खोके पडते तो. चुकलेला माल पुढे जायचा की तेथेच मुरायचा, हे शेवटी तो ठरवितो. तेव्हा या दिवाळीत माल मागविताना बुद्रुक-खुर्दसह पत्ता आणि पिनकोड पुरा लिहावा, पुडके सोडण्याआधी वरचे नाव वाचावे, आणि ते दुसऱ्याचे निघाले तर ज्या पायांनी आपण फराळाचे ताट शेजारी पोचवितो, त्याच पायांनी तेही पोचवावे. निदान एक फोन तरी करावा. पलीकडे कोणी तरी रोज विचारीत असेल, आले का?