मद्य आणि हृदय : एका समजुतीचा इतिहास

मद्य हृदयास बळ देतें, ही समजूत युरोपांत केवळ मद्यप्यांनीं नव्हे, तर विद्वान् वैद्यांनींही रुजविली. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्यानें १७६८ सालीं लंडनच्या वैद्यमंडळापुढें हृच्छूलाचें प्रसिद्ध वर्णन वाचलें. द्राक्षासव व कडक मद्य यांनीं या कळेस उतार पडतो, असें त्यानें नमूद केलें आहे. निरीक्षण खोटें नव्हतें. परंतु कळ थांबली म्हणजे हृदय सुधारलें, असा अर्थ पुढें काढला गेला, आणि ब्रँडी औषधांच्या कपाटांत जाऊन बसली. १९५० सालीं अमेरिकेंत रसेक व त्यांचे सहकारी यांनीं रोग्यांच्या हृदयाचे विद्युत्-आलेख तपासले. मद्यानें कळ शमली, पण आलेखांतील बिघाड तसाच राहिला. पहारेकरी निजला होता; चोर घरांतच होता!

पुढें हीच समजूत आंकड्यांचा वेष घेऊन आली. बेतानें पिणारे हे मुळींच न पिणाऱ्यांहून हृद्रोगानें कमी मरतात, असें अनेक पाहण्यांत दिसलें. १९८८ सालीं ब्रिटनमध्यें शेपर यांनीं यांतील मेख दाखविली : न पिणाऱ्यांच्या गणतींत आजारामुळें मद्य सोडलेले लोकही असतात. रोग्यांशेजारीं उभा केलेला पिणारा धडधाकट दिसावा, यांत नवल तें काय? २०२३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें मद्याचें कोणतेंही प्रमाण निर्धोक नाहीं, असें स्पष्ट बजाविलें.

म्हणून ‘थोडी घेतल्यास हृदयाला बरी’ असें कोणी सांगूं लागल्यास सुज्ञानें एवढेंच विचारावें : बरी, पण कोणाच्या तुलनेनें?