दोन पहारे चुकविणारा चोर

दिवाळीच्या आधी घर झाडताना माळ्यावरून एखादा उंदीर पळाला, तर आपण फार तर हातातली केरसुणी उगारतो. आपल्या पणजीला पळणाऱ्या उंदराचे भय कधीच नव्हते. भय होते ते पडणाऱ्या उंदराचे. "उंदीर पडला" एवढे दोन शब्द आळीत फिरले की भांडीकुंडी गाडीत घालायची, दाराला कुलूप लावायचे आणि गावाबाहेर माळावर झोपडी बांधून राहायचे, हा त्या काळचा शिरस्ता. असे का करायचे, हे तिला कोणी शास्त्रीने वा डॉक्टराने सांगितले नव्हते. पण तिचे बरोबर होते, आणि सरकारचे चुकत होते. ती हकिकत ऐकण्यासारखी आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात लोक तापाने पटापट मरू लागले. जांघेत किंवा काखेत गाठ येई आणि थोड्याच दिवसांत माणूस जाई. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगश यांनी हा प्लेगच आहे, असे निदान केले. चोराचा चेहरा तेव्हा अज्ञात नव्हता. १८९४ सालीच हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन याने या रोगाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. परंतु हा चोर घरात शिरतो कोणत्या वाटेने, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

सरकारने पहारा बसविला तो माणसांवर. १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात रँडसाहेबाच्या हुकमाने गोरे सोजीर घराघरांत, देवघरात नि स्वयंपाकघरात शिरले. रोग्यांना ओढून नेले, सामानसुमान जाळले. लोकांचा संताप अनावर झाला आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडला गोळी घातली. त्याच वर्षी त्याच पुण्याजवळ दुसराही पहारा चालू होता. सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंताच्या, दवाखान्यात रोग्यांना आणीत होत्या. मुंढव्याचा एक आजारी मुलगा त्यांनी पाठीवर घालून आणला. त्यातच त्यांना रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

सोजीर माणसे तपासत राहिले आणि चोर मात्र पिसवेच्या पोटात बसून फिरत राहिला. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदराची पिसूच रोग नेते, हे प्रयोगाने दाखविले. जाणत्या लोकांनी ते मनावर घेतले नाही. १९०५ नंतर मुंबईत झालेल्या प्रयोगांनी ते निर्विवाद ठरले. उंदीर मेला, त्याचे अंग थंड पडले, की पिसवा ऊब शोधीत दुसऱ्या अंगावर उड्या घेतात. पिसवेच्या जठराच्या तोंडाशी जंतूंचा चिकट बोळा बसलेला असतो. ओढलेले रक्त पोटात उतरत नाही. ती भुकेने वेडी होऊन पुन्हा पुन्हा चावते आणि अडलेले रक्त जंतूंसकट जखमेत ओकते. उंदीर पडताच घर सोडणारी पणजी नेमकी हीच वाट बंद करीत होती.

एक पहारा चुकला. पण माणसाच्या शरीरातही पहारा असतोच. तो प्रथम पाहिला ईल्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने. १८८२ साली, नाताळच्या सुमारास, सिसिलीतल्या मेसिना गावी त्याने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांच्या अंगात गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! परक्याला घेरून गिळून टाकणारे हे शरीराचे शिपाई.

प्लेगचा जंतू या शिपायांनाही कसा चकवतो, हे पुढे पुष्कळ वर्षांच्या संशोधनाने उलगडले. पिसवेचे अंग थंड, माणसाचे ३७ अंश उबदार. ही ऊब लागली की जंतू वेष पालटतो. सुरुवातीला बरेच जंतू शिपायांच्या हातून मरतात. पण काही जण मोठ्या भक्षक पेशींच्या पोटात जाऊनही जिवंत राहतात, वाढतात आणि बाहेर पडतात ते प्रथिनाचा बुळबुळीत अंगरखा घालूनच. आता त्यांना गिळणे अवघड. शिवाय त्यांच्या अंगावर सुईसारख्या बारीक नळ्या असतात. शिपाई जवळ आला की ती सुई खुपसून त्याच्या आत अशी द्रव्ये सोडायची की त्याचे हातपायच गळावे. शरीर ज्या खुणेने जंतूला ओळखून हाकाटी करते, ती कवचावरली खूणही हा बदलतो. म्हणून दोन ते सहा दिवस माणूस हिंडतो, फिरतो, हसतो. गाठ दिसते तेव्हा चोर घरभर झालेला असतो.

या मेचनिकॉफचाच एक शिष्य, ओडेसाचा वाल्देमार हाफकिन, साथीच्या पहिल्याच वर्षी मुंबईस आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने मांसाच्या रसावर आपल्या घरातले असते तसले तूप थेंबाथेंबाने सोडले. त्या थेंबांना धरून जंतू झुंबरासारखे खाली लोंबत वाढत. ते उष्णतेने मारून त्याने लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. युक्ती सरळ होती: मेलेला चोर शिपायांना आधीच दाखवून ठेवायचा, म्हणजे जिवंत आला की ओळख पटेल. ही लस म्हणजे पूर्ण अभय नव्हते. पण घेतलेल्यांत रोग आणि मृत्यू दोन्ही पुष्कळ कमी झाले. परळची त्याची प्रयोगशाळा १९२५ पासून त्याच्याच नावाने ओळखली जाते.

पुढे १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले आणि वेळेवर औषध मिळाले तर प्लेगचा रोगी वाचू लागला. तोवर हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली होती. १९९४ साली बीड जिल्ह्यात आणि सुरतेला प्लेगने पुन्हा डोके वर काढले, तेव्हा सुरतेहून लाखो माणसे पळाली. चोर अजून जगात आहे. रानच्या उंदरांत तो दबा धरून असतो.

लस हाफकिनने दिली, पिसू सिमाँने दाखविली, त्यांचे ऋण मोठेच. पण त्या साऱ्यांच्या आधी, हाती सूक्ष्मदर्शक नसताना, मेलेल्या उंदराकडे डोळे उघडे ठेवून पाहणारी एक बाई आपल्या घराण्यात होऊन गेली. तिने वेळेवर घर सोडले, म्हणून आज आपण घरात दिवा लावीत आहोत. यंदा एक पणती तिच्या नावाने लावावी.