१९६८ साली पडलेला ‘बिगिन’ अल्बम आज संग्राहक का शोधतात?

‘बिगिन’ हा द मिलेनियम या अमेरिकन बँडचा अल्बम. जुलै १९६८ मध्ये कोलंबिया रेकॉर्ड्सने तो बाजारात आणला. त्या काळी या कंपनीने काढलेल्या सर्वांत खर्चिक अल्बममध्ये त्याचं नाव घेतलं जातं. विक्री मात्र इतकी कमी झाली की बँडचा दुसरा अल्बम अर्धवटच राहिला. आज तोच ‘बिगिन’ जुन्या रेकॉर्ड्स जमवणाऱ्यांच्या यादीत बराच वर असतो.

आधी या संगीताबद्दल थोडं. साठच्या दशकात कॅलिफोर्नियात जे गोड, अनेक आवाजांनी भरलेलं पॉप तयार झालं त्याला आज ‘सनशाइन पॉप’ म्हणतात. हे नाव बऱ्याच नंतरचं आहे. तेव्हा ते गाणाऱ्यांना आपण सनशाइन पॉप गातोय याचा पत्ताही नव्हता. चार-पाच जणांनी वेगवेगळ्या सुरांत एकत्र गायलेल्या ओळी, बासरी, हार्पसिकॉर्ड, बारीक घंटा असा एकूण थाट. त्यात उलटी वाजवलेली टेप, घुमणारे आवाज, एका गाण्यातून अलगद दुसऱ्यात शिरणं, असे सायकेडेलिक संगीताचे प्रयोग मिसळले की ‘बिगिन’सारखं काहीतरी तयार होतं.

या सगळ्यामागचा मुख्य माणूस कर्ट बेचर. जन्म १९४४, विस्कॉन्सिन राज्यातला. सुरुवातीला तो गोल्डब्रायर्स या लोकसंगीत गाणाऱ्या गटात होता. त्याचं खरं कौशल्य मात्र आवाजांची मांडणी करण्यात होतं. १९६६ मध्ये द असोसिएशन या गटाच्या पहिल्या अल्बमची निर्मिती त्याने केली. त्यातलं ‘अलाँग कम्स मेरी’ गाजलं आणि ‘चेरिश’ तर अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तेव्हा बेचर अवघा २२ वर्षांचा होता.

कोलंबियाचा निर्माता गॅरी अशर त्याच्यामुळे भारावून गेला. अशर काही नवखा नव्हता. बीच बॉइजच्या ब्रायन विल्सनसोबत त्याने गाणी लिहिली होती, द बर्ड्सचे अल्बम केले होते. त्याने बेचरला कोलंबियात आणलं. बेचरचा आधीचा गट ‘द बॉलरूम’ याचा अख्खा अल्बम तयार होऊन पडून राहिला होता; त्यातली काही गाणी अशरच्या ‘सॅजिटेरियस’ या प्रकल्पातून ‘प्रेझेंट टेन्स’ या अल्बमवर आली. तोही १९६८ चाच, आणि संग्राहक आज ही दोन्ही नावं बहुतेक वेळा एका दमात घेतात.

मिलेनियममध्ये सात जण होते, आणि त्यातले बरेचसे स्वतः गाणी लिहिणारे. डग ऱ्होड्स आणि रॉन एडगर हे ‘द म्युझिक मशीन’ या खडखडीत गॅरेज रॉक बँडमधून आलेले. बेचरसोबत निर्मितीची बाजू सांभाळणारा कीथ ओल्सनही तिथलाच. बाकी ली मॅलोरी, सँडी सॅलिसबरी, मायकेल फेनेली आणि जोई स्टेक.

आता खर्च का झाला, ते पाहू. त्या वेळी चांगल्या स्टुडिओत आठ ट्रॅकचं मशीन म्हणजे मोठी गोष्ट. टेपच्या एकाच पट्टीवर शेजारीशेजारी आठ रांगा असतात असं समजा. एका रांगेत ड्रम, दुसरीत गिटार, तिसरीत आवाज. रांगा संपल्या की चार-पाच रांगा मिसळून एकीवर उतरवायच्या आणि पुन्हा पुढे जायचं. दर वेळी टेपची खरखर वाढते, आणि एकदा मिसळलेलं वेगळं करता येत नाही. ‘बिगिन’साठी आठ ट्रॅकची दोन मशीन एकमेकांना जोडून सोळा ट्रॅक मिळवले गेले. १९६८ मध्ये असं करणारे अगदी मोजके होते. दोन्ही मशीनचा वेग तंतोतंत जुळवणं हेच एक दुखणं. पण त्यामुळे तेच गायक स्वतःच्याच आवाजावर पुन्हा पुन्हा गाऊ शकले आणि मोजक्या गळ्यांचा मोठा समूह ऐकू येऊ लागला. या सगळ्याला स्टुडिओचे तास लागतात, आणि तासांचं बिल होतं.

ऐकताना मात्र ही मेहनत कुठे टोचत नाही. ‘प्रिल्यूड’ हा छोटा वाद्यतुकडा संपता संपता ‘टू क्लॉडिया ऑन थर्सडे’ सुरू झालेलं असतं, आणि ‘५ ए.एम.’ पहाटेच्या शांततेसारखंच हलकं आहे. शेवटाकडे ‘कार्मिक ड्रीम सिक्वेन्स नं. १’ हे सहा मिनिटांचं गाणं येतं. नावातलं ‘कर्म’ आपल्याकडचंच. बीटल्स ऋषिकेशला जाऊन आले तेच हे वर्ष, त्यामुळे असे शब्द तेव्हा अमेरिकेत फॅशनमध्ये होते. गाण्यात भारतीय संगीत शोधायला गेलात तर निराशा होईल, पण अल्बममधलं सर्वांत धाडसी काम तेच आहे.

मग चाललं का नाही? वेळ चुकली, हे एक कारण. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची. व्हिएतनामचं युद्ध चालूच होतं. रॉक संगीत जड आणि कर्कश होत चाललं होतं. याच कोलंबियाने ऑगस्टमध्ये जॅनिस जॉपलिनच्या आवाजातला ‘चीप थ्रिल्स’ काढला आणि तो थेट पहिल्या क्रमांकावर गेला. त्या शेजारी ‘बिगिन’चा गोडवा जुनाट वाटला असणार. दुसरं कारण व्यवहाराचं. सोळा ट्रॅकवर रचलेलं संगीत सात जणांनी स्टेजवर वाजवायचं कसं? बँड लोकांसमोर फारसा आलाच नाही.

पुढे सगळे पांगले. कीथ ओल्सनने १९७५ मध्ये फ्लीटवुड मॅकचा तो गाजलेला अल्बम केला. फेनेलीच्या क्रॅबी ॲपलटन बँडचं ‘गो बॅक’ १९७० मध्ये हिट झालं. सॅलिसबरी ग्रॅहम सॅलिसबरी या नावाने मुलांसाठी कादंबऱ्या लिहू लागला आणि ‘अंडर द ब्लड-रेड सन’साठी त्याला पुरस्कारही मिळाला, त्याच्या अनेक वाचकांना त्याचं हे जुनं गाणं-बजावणं माहीतच नसतं. बेचरने १९७३ मध्ये एकट्याचा एक अल्बम केला, तोही विकला गेला नाही. १९७९ मध्ये बीच बॉइजच्या एका गाण्याची जवळपास अकरा मिनिटांची डिस्को आवृत्ती करण्यात त्याचा हात होता, आणि चाहत्यांनी तिच्यावर सडकून टीका केली. १९८७ मध्ये, ४३ व्या वर्षी, तो लॉस एंजेलिसमध्ये वारला.

‘बिगिन’ची खरी शोधाशोध त्यानंतरची. नव्वदच्या दशकात सीडीमुळे जुन्या दुर्लक्षित अल्बमना पुन्हा बाजार मिळाला. जपानमधल्या श्रोत्यांनी या प्रकाराला ‘सॉफ्ट रॉक’ म्हणत विशेष प्रेमाने उचललं. २००१ मध्ये सनडेझ्ड कंपनीने ‘मॅजिक टाइम’ हा तीन सीडींचा संच काढला आणि बॉलरूमचा पडून राहिलेला अल्बम लोकांनी ऐकला. बेचरला जाऊन तेव्हा १४ वर्षं झाली होती.

मूळ रेकॉर्ड ओळखायची असेल तर लेबल पाहा. कोलंबियाच्या त्या काळातल्या स्टिरिओ रेकॉर्डवर लाल लेबल असतं आणि खालच्या कडेला ‘३६० साउंड’ छापलेलं असतं. १९७० च्या सुमारास हे लेबल बदललं. आतल्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेले आकडेही तपासतात. कव्हरचा कोपरा कापलेला किंवा भोक पाडलेलं दिसलं तर ती न खपलेली, स्वस्तात काढून टाकलेली प्रत समजावी. अमेरिकेत पडलेल्या अल्बमच्या नशिबी हेच यायचं, आणि त्यातल्याच काही प्रती आज जपून ठेवल्या जातात.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जुनी प्रत कितीही महाग विकली गेली तरी त्यातला एक पैसाही गाणाऱ्यांना किंवा त्यांच्या कुटुंबांना मिळत नाही, तो विकणाऱ्याचाच. अधिकृत नव्या आवृत्तीतून निदान काही रॉयल्टी जाऊ शकते. अल्बम नुसता ऐकायचा असेल तर यातलं काहीच लागत नाही, स्ट्रीमिंगवर पूर्ण मिळतो. फक्त शफल बंद ठेवा, गाणी एकमेकांत शिरतात.