आगगाडी आणि गावाची वेस



साताऱ्यास आगगाडीने जावयाचे, असे परगावचा पाहुणा म्हणाला की साताऱ्याचा मनुष्य थोडासा हसतो. कारण आगगाडी साताऱ्यास जात नाही. ती साताऱ्याजवळून जाते. पूर्वी तर ‘जवळून’ म्हणणेही धारिष्ट्याचे होते. स्टेशनाचे नाव सातारारोड, आणि तेथून शहर दहा मैल. त्या ‘रोड’ शब्दात रेल्वेवाल्यांचा मोठा प्रामाणिकपणा होता, असे मला वाटते. येथे सातारा नाही, साताऱ्याचा रस्ता आहे, एवढेच ते सांगत होते. सांगलीची गोष्ट याच्या अगदी उलट. तेथे आगगाडी एके काळी थेट गावात येत असे, आणि पुढे ती गावाबाहेर गेली. रूळ शहराच्या पोटात न्यावेत की वेशीवरून काढावेत, हा प्रश्न या दोन गावांनी कसा अनुभवला, तेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

१८७६ ते १८७८ या सालांत दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. धान्य एका भागात होते, माणसे दुसऱ्या भागात मरत होती, आणि बैलगाडी ते वेळेवर पोहोचवू शकत नव्हती. त्यानंतर १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. दुष्काळी मुलखात धान्य पोहोचविणे हा तिच्या मागचा एक मोठा हेतू होता. अशी रेल्वे आखणारा इंजिनिअर गावाच्या वैभवाकडे पाहत नाही, चढाकडे व पुलांकडे पाहतो. शंभर फुटांत पाच फूट चढ बैल हळूहळू चढून जातो. आगगाडीस शंभर फुटांत एक फूट हाही मोठा चढ. पुण्याहून साताऱ्याची सडक कात्रज आणि खंबाटकी हे दोन घाट ओलांडून जाते. रुळांना ती वाट परवडणारी नव्हती. म्हणून मीटरगेजचे रूळ पूर्वेकडून वळसा घेत जेजुरी, नीरा, लोणंद असे आले, आणि आदर्कीचा घाट चढून वाठारला उतरले. महाबळेश्वरास जाणारे साहेबलोकही मग वाठारलाच उतरून वाई-पाचगणीच्या वाटेस लागत.

वाठारच्या पुढे खरी मौज आहे. नकाशा पुढे घेऊन रुळांवर बोट फिरवा. वाठारपासून मिरजेपर्यंत रूळ कृष्णेच्या डाव्या तीराने चालतात आणि एकदाही कृष्णा ओलांडीत नाहीत. नदी ओलांडावयाची ती मिरज सोडल्यावर, कोल्हापुरास अथवा बेळगावास जाताना. आता गावे पाहा. सातारा उजव्या तीराकडे, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. कऱ्हाड उजव्या तीरावर, कोयनेच्या संगमाशी. दोन्ही गावे पलीकडे राहिली. माझा तर्क असा की, पुलांचा खर्च वाचविण्याच्या या काटकसरीतच साताऱ्याचे व कऱ्हाडचे भवितव्य ठरून गेले. साताऱ्यावर कोणाचा रोष होता, राजधानीचा मुद्दाम अपमान केला, अशा कथा मी लहानपणापासून ऐकल्या आहेत. त्यांवर माझा विश्वास नाही. नदी हेच पुरेसे कारण आहे.

गावे पलीकडे राहिली, तेव्हा उद्योग अलीकडे आला. १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर, औंधकर पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेत, लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी कारखाना हलविला आणि किर्लोस्करवाडी वसली. कऱ्हाडच्या स्टेशनाजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना निघाला, त्याची ओगलेवाडी झाली. सातारारोडला धनजीशा कूपर यांचे लोखंडी नांगर तयार होऊ लागले. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. जेथे वस्ती नव्हती तेथे स्टेशनाने वस्ती आणली. पण शहरातील कारकून, विद्यार्थी, भाजीवाली यांच्या पायांखालचे अंतर त्यामुळे एक पाऊलही कमी झाले नाही.

सांगली डाव्या तीरावरच होती. तरीही मुख्य रूळ तिच्या उत्तरेकडून, माधवनगरच्या बाजूने, सरळ मिरजेस गेले. मिरज जंक्शन झाले. १८९१ साली तेथून कोल्हापूरची गाडी सुरू झाली. मिरज व सांगली ही पटवर्धनांच्याच घराण्याची संस्थाने. १८०१ साली चिंतामणराव पटवर्धन मिरजेहून वेगळे होऊन सांगलीस आले होते. एका भावकीच्या दारात इंजिनाची शिट्टी वाजावी आणि दुसरीने ती पाच मैलांवरून ऐकावी, हे कसे चालावे? १९०७ साली मिरज-सांगली असा सुमारे पाच मैलांचा फाटा झाला. तो सांगली संस्थानाचा होता आणि स्टेशन गावाला लागून होते. मध्ये नदी नव्हती, घाट नव्हता. संस्थानाची इच्छा आणि पैसा, एवढेच लागले. हळद, गूळ, शेंग यांच्या पेठेला रूळ मिळाले, आणि सामान्य माणसास मिरजेचे दवाखाने अर्ध्या तासाच्या आत आले.

त्या गाडीत मी बसलो आहे. आजोबांचे बोट धरून मी घरून चालत स्टेशनावर गेलो, एवढेच मला स्पष्ट आठवते. पण तेच महत्त्वाचे आहे. आम्ही चालत गेलो. टांगा केला नाही, वाटेत कोणास काही द्यावे लागले नाही.

पुढे ब्रॉडगेजचे काम निघाले आणि १९७१ च्या सुमारास पुण्याची मोठी गाडी मिरजेपर्यंत व कोल्हापुरापर्यंत धावू लागली. या वेळी आखणी पुन्हा तपासली गेली. साताऱ्यास थोडा न्याय मिळाला: रूळ जरंडेश्वराच्या बाजूने पश्चिमेकडे सरकले आणि माहुलीजवळ सातारा नावाचे स्टेशन झाले. दहा मैलांचे सुमारे चार मैल झाले. कृष्णा मात्र याही वेळी ओलांडली नाही. सातारारोडचे नाव गावाला राहिले, गाडी गेली. सांगलीतही मुख्य रूळ गावाजवळ आले, नवे स्टेशन झाले, पुण्या-मुंबईची गाडी सांगलीकरांस थेट मिळाली; आणि मिरजेचा जुना फाटा उखडला गेला. लांबच्या प्रवाशाचा लाभ झाला, रोजच्या प्रवाशाचे स्टेशन गेले. गावात फाटकांपाशी गाड्या खोळंबत, शहरास वाढण्यास जागा हवी होती, हे मी नाकारीत नाही. तरीही तो फाटा ठेवावयास हवा होता, असे माझे मत आहे.

मोठ्या शहरांनीही असे निर्णय केले आहेत. लंडनमध्ये १८४६ साली एका राजनियुक्त आयोगाने मध्यवस्तीत रेल्वे आणू नये असे ठरविले. म्हणून तेथील स्टेशने शहराभोवती कड्यासारखी उभी राहिली, आणि ती जोडण्यास १८६३ साली जमिनीखालून गाडी काढावी लागली. मुंबईत बी. बी. सी. आय. रेल्वे कुलाब्यापर्यंत जात असे. १९३० च्या अखेरीस ते स्टेशन बंद झाले आणि चर्चगेट हे शेवटचे ठाणे ठरले. पण कुलाब्याच्या माणसास मागे ट्राम होती, बस होती. आमच्या माहुलीस काय होते?

एक प्रसंग सांगतो. मी शिक्षक असताना सहा मुले घेऊन शिष्यवृत्तीच्या परीक्षेस साताऱ्यास निघालो. गाडी वेळेवर पोहोचली. बाहेर एकच रिक्षा होती, तीही आमच्या आधी कोणी घेतली. आम्ही चालू लागलो. कृष्णेचा पूल ओलांडला, शहराचा चढ चढलो. केंद्रावर पोहोचलो तेव्हा पहिला पेपर सुरू होऊन वीस मिनिटे झाली होती. मुलांना आत घेतले, पण वेळ वाढवून मिळाला नाही. त्यांतील एक मुलगा वर्गात पहिला येणारा होता. त्याची शिष्यवृत्ती थोड्या गुणांनी हुकली आणि पुढल्या वर्षी बापाने त्याला शेतावर घेतले. नकाशावर ते चार मैल फारच थोडे दिसतात.

सांगलीत आजही स्टेशन चौक आहे. सभा तेथे भरतात. बाहेरगावचा मनुष्य नव्या स्टेशनावर उतरून ‘स्टेशन चौकात सोडा’ म्हणतो, तेव्हा रिक्षावाला त्याला पुन्हा एकदा विचारून घेतो.