फ्रान्सचं ताडपान, इटलीचं घड्याळ

परदेशी शौर्यसन्मान कसे वाचायचे, हा सध्या माझ्या अभ्यासाचा एक भाग आहे. मोरगावात हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: पदकात वाचायचं काय असतं?

एक उदाहरण घेऊ. 6 जून 1944 च्या मध्यरात्री मेजर जॉन हॉवर्ड यांची ब्रिटिश तुकडी ग्लायडरमधून नॉर्मंडीत उतरली आणि तिने काही मिनिटांत बेनूविलचा पूल घेतला. ब्रिटनने त्यांना त्याच वर्षी ‘डीएसओ’ दिलं. फ्रान्सने 1954 मध्ये ‘क्रॉआ द गेर’ दिलं, तेही ताडपानासह. या पदकाच्या फितीवर ब्राँझचा तारा असेल तर शौर्याची नोंद रेजिमेंट किंवा ब्रिगेडने घेतलेली असते, चांदीचा असेल तर डिव्हिजनने. ताडपान म्हणजे थेट आर्मीने. पदक एकच, खूण वेगळी.

आता आपल्याकडे या. त्यानंतर महिन्याभराने, 10 जुलैला, इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे लढत होते. माणगाव तालुक्यातले, वय 22, पलटण 3/5 मराठा लाइट इन्फंट्री. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटेच धावून गेले आणि त्यांनी ती मशीनगन बंद पाडली. गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने लढले. शेवटी लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कबर मात्र नाही; कॅसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे.

घाडगे छत्रीधारी सैनिक नव्हते. पण त्यांची पलटण पुढे छत्रीधारी झाली. 1952 मध्ये ती पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली, ‘2 पॅरा (मराठा)’ म्हणून. 11 डिसेंबर 1971 ला तीच टांगाईलला आकाशातून उतरली आणि तिनेही एक पूल घेतला, पूंगलीचा. नाव बदलल्यामुळे हा धागा सहज दिसत नाही, एवढंच.

आणि इटली? जुलै 2023 मध्ये पेरूजाजवळच्या मोंतोने गावाने घाडग्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. त्यावरच्या लॅटिन वाक्याचा अर्थ: आपण सारे एकाच सूर्याखाली.

फ्रान्सने पदक दिलं ते एका राष्ट्राच्या वतीने, दहा वर्षांनी. मोंतोनेने आठवण ठेवली ती एका गावाच्या वतीने, 79 वर्षांनी. म्हणून कुठलाही सन्मान वाचताना ‘कुणाला’ एवढंच बघू नका. ‘कुणी’ आणि ‘कधी’ हेही विचारा.