पालापाचोळ्यातील फुलकिडे : नव्या जातीचे वर्णन

थायसॅनॉप्टेरा गणातील जे फुलकिडे (थ्रिप्स) जिवंत पानाफुलांवर न राहता कुजणाऱ्या पानांत, वाळक्या फांद्यांवर व सालीखाली राहतात आणि बहुधा बुरशीवर जगतात, त्यांना पालापाचोळ्यातील फुलकिडे म्हणतात. बहुतेकांची लांबी १ ते ३ मिमी. असते. फुलाशी यांचा काही संबंध नाही; मराठी नाव त्यांच्या फुलांवरच्या भावंडांवरून आलेले आहे.

शेतकऱ्याला फुलकिडा ठाऊक असतो तो कांद्याच्या पातीवरच्या पांढुरक्या चट्ट्यांमुळे आणि मिरचीच्या चुरडा-मुरड्यामुळे. माळव्याच्या पठारावर, धार-देवासकडे, कांदा-लसणाचे मळे आहेत. विंध्य उतरून धार जिल्ह्याच्याच मनावर-कुक्षी भागात निमाड लागते, तिथे कापूस आणि मिरची आहे. त्यामुळे या किड्याशी तिथल्या माणसाची ओळख फवारणीच्या पंपातून होते. प्रत्यक्षात जगभरच्या सहा हजारांहून अधिक ज्ञात जातींपैकी पिकांना उपद्रव देणाऱ्या फार थोड्या आहेत. जवळजवळ निम्म्या जाती बुरशीवर जगतात आणि त्यांनी कोणाच्या शेताचे काही बिघडवलेले नाही. अभ्यास मात्र पहिल्यांचाच अधिक झाला.

थ्रिप्स या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ लाकूड पोखरणारा किडा. लिनीअस यांनी १७५८ मध्ये थ्रिप्स हा वंश नोंदवला व हॅलिडे यांनी १८३६ मध्ये स्वतंत्र गण मानला. भारतात टी. व्ही. रामकृष्ण अय्यर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाया घातला. पुढे चेन्नईच्या लोयोला महाविद्यालयातून टी. एन. अनंतकृष्णन यांनी हे क्षेत्र आयुष्यभर सांभाळले. भारतातून आज सातशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत.

शरीररचना : पंख असले तर अरुंद पट्टीसारखे, कडेला लांब केसांची झालर असलेले, गणाचे नाव या झालरीवरूनच पडले. तोंडात फक्त डावा जबडा वाढलेला असतो, उजवा अंड्यातच विरून जातो. पाचोळ्यातल्या बहुतेक जाती फ्लीओथ्रिपिडी कुलात मोडतात. या कुलात उदराचा शेवटचा खंड नळीसारखा असतो आणि मादीला करवतीसारखा अंडनिक्षेपक नसतो. कुलाची दोन उपकुले आहेत. फ्लीओथ्रिपिनीमधील बुरशीखाऊ जाती कवकतंतूंतील रस शोषतात. त्यांच्या तोंडातील सुया २-३ मायक्रोमीटर रुंद असतात. आयडोलोथ्रिपिनीमधील जाती बुरशीचे बीजाणू अख्खे गिळतात, म्हणून त्यांच्या सुया ५ ते १० मायक्रोमीटर रुंद असतात. नीट तयार केलेल्या काचपट्टीवर अशा किड्याच्या पोटात खच्चून भरलेले काळपट बीजाणू आरपार दिसतात. त्याने शेवटचे काय खाल्ले ते मेल्यानंतरही वाचता येते.

अधिवास : धार आणि देवास मराठी वाचकाला पवारांची संस्थाने म्हणून माहीत असतात. कीटकशास्त्रज्ञाच्या दृष्टीने तो पानझडी सागाचा मुलूख आहे. मांडूखालचा विंध्याचा कडा, बागकडचे डोंगर, देवास जिल्ह्याच्या दक्षिणेला बागली, कन्नौद, खातेगाव तहसिलींतील जंगल आणि खिवनी अभयारण्य हे त्यातले भाग. उन्हाळ्याच्या तोंडाशी सागाची मोठाली पाने गळतात, पावसाळ्यात त्यांच्यावर बुरशी धरते आणि बुरशीमागून फुलकिडे येतात. पार काळा चिखल झालेल्या थरापेक्षा अर्धवट मोडून झाडावरच लटकलेली, पाने वाळलेली फांदी अधिक फळ देते. नवा संग्राहक नेमका तिच्याकडे दुर्लक्ष करून जमीन उकरत बसतो. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवण्याची रीत मध्य भारतात आहे. त्या आगीत या किड्यांचे घर आणि अन्न दोन्ही जाते. जिथे शक्य आहे तिथे पाला जाळण्याऐवजी झाडून बाजूला सारावा.

संग्रह : फांदी पांढऱ्या ट्रेवर झटकतात आणि पळणारा किडा अल्कोहोलात भिजवलेल्या बारीक ब्रशने टिपतात. जमिनीवरच्या पाल्यासाठी बर्लीझ नरसाळे वापरतात. जाळीवर मूठ-दोन मूठ पाला, वर दिवा, खाली अल्कोहोलची बाटली. पाला वरून वाळत जातो तसे किडे खाली ओल शोधत सरकतात आणि बाटलीत पडतात. पुढे सौम्य कॉस्टिक सोड्यात शरीर निवळू देणे, चढत्या अल्कोहोलांतून पाणी काढणे, लवंगेच्या तेलात ठेवणे आणि कॅनडा बाल्सममध्ये पंख-पाय-शृंगिका पसरून बसवणे. पट्टी वाळायला काही आठवडे लागतात. ही घाईची कामे नव्हेत. वेडीवाकडी बसवलेली पट्टी नंतर कोणाच्याच कामाची राहत नाही.

जात ठरवणे : शृंगिकेच्या तिसऱ्या व चौथ्या खंडांवरील संवेदी शंकूंची संख्या, डोक्यावरील आणि पूर्ववक्षावरील रोमांची लांबी व टोके, उदराच्या पहिल्या खंडावरील पेल्टा या लहान ढालीचा आकार, नळीची लांबी या गोष्टी मोजून पाहतात. खरी अडचण पुढे येते. एकाच जातीत पंखवाले व बिनपंखी किडे असतात. नरांत तर फरक थक्क करणारा आहे. मोठ्या नराच्या पुढच्या पायांच्या मांड्या फुगलेल्या, गुल्फावर धारदार दात. त्याचाच लहान भाऊ मात्र मादीसारखा सडपातळ. बर्नार्ड क्रेस्पी यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेतील एलॅफ्रोथ्रिप्स ट्यूबरक्यूलेटस या जातीवर दाखवले की मोठे नर मादीवरून पुढच्या पायांनी आणि उदराच्या फटकाऱ्यांनी झुंजतात. हा फरक ध्यानात न घेता पूर्वी थोर आणि किरकोळ नरांना वेगवेगळ्या जातींची, कधी वेगळ्या वंशांचीही नावे दिली गेली आणि नंतर ती समानार्थी ठरवून रद्द करावी लागली. लॉरेन्स माउंड आणि जे. एम. पामर यांनी १९८३ मध्ये बीजाणूभक्षी फुलकिड्यांचे वर्गीकरण नव्याने मांडले, त्यात असा बराच गुंता सुटला. तेव्हा एकुलत्या नरावरून नवी जात जाहीर करणे हे धाडस नसून चूक आहे. एकाच फांदीवरून दोन्ही लिंगांचे, लहानमोठे शक्य तितके नमुने जमवावेत आणि शेजारच्या जातींचे मूळ नमुने प्रत्यक्ष पाहावेत.

नामकरण : वर्णन प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार प्रसिद्ध होते. एकच नमुना होलोटाइप, म्हणजे नावाचा कायमचा आधार, ठरतो, सोबतचे पॅराटाइप. गावावरून नाव देण्याची रीत जुनी आहे. धार किंवा देवासला ‘एन्सिस’ हा लॅटिन प्रत्यय जोडला की नाव तयार होते. भारतात जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या जातीची माहिती नियुक्त भांडाराला कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो. १९१६ मध्ये स्थापन झालेले कोलकात्याचे भारतीय प्राणी सर्वेक्षण हे असे एक भांडार आहे. पट्टीच्या लेबलावर गाव, जिल्हा, तारीख, झाड आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहिलेले असते. ज्या पट्टीवर गाव आणि तारीख नाही, तिच्यावरून जातीचे वर्णन करू नये.