रेवतीचे कुळ आणि 'संशयकल्लोळ'चा विनोद

गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांच्या 'संगीत संशयकल्लोळ'चा आस्वाद घेताना आधुनिक प्रेक्षकापुढे एक अडचण उभी राहते. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांच्या परस्परसंशयावर तो मनमुराद हसतो. रेवतीच्या कुळाचा उल्लेख निघाला की मात्र ते हसू अडखळते. 'तो काळच तसा होता' असे म्हणून ही अडचण बाजूला सारण्याची सोय नेहमीच उपलब्ध असते. परंतु या नाटकातील पूर्वग्रह विनोदावर बाहेरून बसलेली धूळ नव्हे. विनोदाच्या रचनेतच त्याचे स्थान आहे आणि ते रूपांतराच्या प्रक्रियेत निर्माण झाले आहे.

मोलिएरचे 'स्गानारेल' १६६० सालचे. त्यातील तसबिरीच्या घोटाळ्याचा आधार घेऊन आर्थर मर्फीने १७६१मध्ये 'ऑल इन द राँग' रचले. देवलांनी त्याचे रूपांतर १८९३मध्ये 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या गद्य नाटकात केले. 'संशयकल्लोळ' हा त्याचाच पुढचा संगीत अवतार. मोलिएरची सेली आणि मर्फीची बेलिंडा या दोघीही प्रतिष्ठित घरातील कन्या. देवलांची रेवती नायकिणीची मुलगी आहे. नावे नक्षत्रांची आणि महिन्यांची केली, वेष-परिसर बदलला, हे बदल वरवरचे. हा एकच बदल मात्र मुळापर्यंत जाणारा आहे.

त्याचे कारण समाजस्थितीत सापडते. संमतिवयाच्या १८९१च्या कायद्याने वयोमर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेली, एवढ्यावरूनही पुण्यात केवढे रण माजले होते! अशा समाजात आपल्या पसंतीने प्रियकर निवडणारी, त्याची तसबीर जवळ बाळगणारी, त्याच्यावर रुसणारी प्रौढ अविवाहित कन्या कोणत्या पांढरपेशा घरात दाखवायची? ती फक्त नायकिणीच्या घरातच संभवत होती. देवलांना सुखात्मिकेसाठी प्रणय हवा होता. त्यांच्या समाजाने त्या प्रणयाला तेवढी एकच जागा मोकळी ठेवली होती. 'मृच्छकटिका'चे मराठी रूप सिद्ध करणाऱ्या या नाटककाराला वसंतसेनेचा मार्ग परिचितही होता.

मात्र ही निवड करताच संशयाचे स्वरूप दुभंगले. फाल्गुनरावाचा संशय निराधार असल्यानेच हास्यास्पद ठरतो. कृत्तिका कुलस्त्री आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते. त्यामुळे फाल्गुनराव जितका तर्क लढवतो तितका तो वेडगळ दिसतो. कृत्तिकेचा नवऱ्याविषयीचा संशयही त्याच मापाचा. भोवळ आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो एवढेच तिने पाहिलेले असते, आणि तेवढे तिला पुरते. या दांपत्याच्या बाबतीत नाटककार विलक्षण निःपक्षपाती आहे. अश्विनशेठच्या संशयाला मात्र आणखी एक आधार मिळतो. रेवतीजवळची आपली तसबीर परक्याच्या हाती गेलेली कळताच त्याला तर्क लढवण्याचे कष्ट पडत नाहीत. तिचा जन्मच साक्षीला उभा असतो. फाल्गुनरावाला पुरावे गोळा करावे लागतात, अश्विनशेठला ते आयते मिळतात. म्हणून त्याच्या संतापावर प्रेक्षक तितक्या मोकळेपणाने हसू शकत नाही. कृत्तिकेची निर्दोषता गृहीत, रेवतीची सिद्ध करावी लागणारी. शेवटी ती सिद्ध होते खरी, पण अपवाद म्हणून. ज्या घरातून ती आली त्या घराविषयीचा समज जसाच्या तसा राहतो.

येथे 'झुंझारराव' आठवणे अपरिहार्य आहे. ऑथेल्लोचे हे रूपांतर १८९०मधले, म्हणजे 'फाल्गुनरावा'च्या अवघी तीन वर्षे आधीचे. तेथे हातरुमाल, येथे तसबीर. क्षुल्लक वस्तूला पुरावा मानणाऱ्या पुरुषाच्या हातून एकदा स्त्रीहत्या घडलेली दाखवल्यावर तोच विकार देवलांनी हास्याच्या कक्षेत आणला. दोन्ही नाटके शेजारी ठेवून वाचली म्हणजे फाल्गुनराव वाटतो तितका निरुपद्रवी राहत नाही, आणि त्याला हसण्यात एक प्रकारचा सुटकेचा निःश्वासही मिसळतो. शिवाय डोळ्यांनी पाहिलेलेही खोटे असू शकते, हा या सुखात्मिकेचा नियम आहे. तो नीट लावला तर जन्मावरून चारित्र्य ठरविणे हाही एक 'घोटाळा'च ठरतो. देवल त्या निष्कर्षापर्यंत पोचत नाहीत, पण त्यांची रचना तेथवरची वाट मोकळी ठेवते. 'शारदे'च्या कर्त्याला या प्रश्नाची जाण नव्हती असे म्हणणे धाडसाचे होईल. रेवतीच्या वाट्याला आलेली संवाद-पदांतील प्रतिष्ठा लक्षात घेता, त्याने आपल्या प्रेक्षकाला जेवढे पेलवेल तेवढेच दिले असे म्हणणे अधिक न्याय्य आहे.

देवलांच्या निधनानंतर, १९१६मध्येच, गंधर्व नाटक मंडळीने 'संशयकल्लोळ' रंगभूमीवर आणले. फाल्गुनराव गणपतराव बोडसांनी गाजवला. रेवती होते बालगंधर्व. कलावंतिणींच्या बैठकींतून आलेल्या ठुमरी-दादऱ्याच्या गायकीने त्या दशकात नाट्यपदे सजत होती. मानी रेवतीला सभागृहातील कुलीन स्त्रिया डोळे भरून पाहत होत्या, तिच्या साड्यांची आणि केशरचनेची नक्कल करीत होत्या. नायकिणीची लेक रंगमंचावर अशी शिरोधार्य झाली तेव्हा तिचे सोंग घेणारा पुरुष होता, आणि जिच्या घरचे ते गाणे होते तिला त्या मंडळीच्या रंगमंचावर अद्याप जागा नव्हती.